उभ्या गाडीची थरथर

दापोड्याच्या पुढे कंटेनरच्या रांगेत आमची गाडी थांबली आणि इंजिन गप झालं. माझा हात आपोआप पुढच्या सीटच्या पाठीवर गेला.

"बंद पडली रे," मी म्हणाले.

ओंकार, माझा नातू, स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. तो हसला. "पडली नाही आजी. थांबली की आपली आपणच बंद होते. पेट्रोल वाचतं. ब्रेक सोडला की पुन्हा चालू."

आणि खरंच, पुढचा ट्रक हलला तशी ती सुरू झाली. कण्हली नाही, कुंथली नाही. अंबाडीला लग्नाला निघालो होतो आम्ही. दोन्ही अंगांना गोदामं, गोदामांच्या पाठीला गोदामं, पत्र्यांवर ऊन असं तापलेलं की डोळे उघडे ठेववेनात. मी डोळे मिटले. या गाडीत कसलाच वास येत नाही. मला मात्र डोळे मिटल्याबरोबर पेट्रोलचा वास आला. सांडलेल्या, गोणपाटात मुरलेल्या, कधीही न सुकणाऱ्या पेट्रोलचा.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. अंबाडीच्या नाक्यापासून थोडं आत आमचं कौलारू घर, पुढे शेणानं सारवलेलं खळं, खळ्याच्या कडेला आंबा. त्या आंब्याखाली एक काळी मोटार उभी असायची. माझे यजमान बाळाराम आधी भिवंडीहून कापडाचे तागे वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होते. ते सोडून त्यांनी ही मोटार घेतली. ठाण्यातल्या कुणा वकिलानं वापरून जुनी केलेली. चार दरवाजे, गोल पाठ, आत लाल रेग्झिनच्या सीटा. लग्नाचा नवरा न्यायचा, वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला आलेली माणसं आणायची, अडल्यानडल्याला भिवंडीच्या दवाखान्यात पोचवायचं. एस.टी. यायची तेव्हा यायची. त्यामुळे आसपासच्या पाड्यांत कुणी आजारी पडलं की माणूस धावत आमच्याच खळ्यात.

धावताना ती गाडी वाघीण होती. कवाड गावापर्यंतचा चढ असा घ्यायची की मागच्या धुळीत बैलगाड्या दिसेनाशा व्हायच्या. पण थांबली की तिला काय व्हायचं कोण जाणे. आधी दरवाज्यांच्या काचा वाजायला लागायच्या. मग सीटा. मग आरशाला बांधलेली देवीची तसबीर नाचायची. सगळी गाडी हिवताप भरलेल्या माणसासारखी थडथडायची आणि एक उचकी देऊन गप्प व्हायची. मग हे खाली उतरायचे, पुढे हँडल घालायचे आणि दंडाच्या शिरा फुगेपर्यंत फिरवायचे.

म्हणून ती थांबवायचीच नाही, असा ह्यांनी नेम केला. माणसं चढताना-उतरताना उजव्या पायाची टाच ब्रेकवर आणि चवडा अ‍ॅक्सिलरेटरवर. गाडी जागच्या जागी ओरडत राहायची. ह्यांच्या उजव्या चपलेचा तळ एकाच बाजूनं झिजायचा. लग्नाच्या दिवसांत नवरदेव पुढच्या सीटवर बसलेला असायचा आणि त्याच्या मुंडावळ्या अशा थरथरायच्या की वऱ्हाडातल्या बाया म्हणायच्या, "काय घाबरलाय गं नवरा!" त्या बिचाऱ्याला काय माहीत, ती थरथर त्याची नव्हे.

पहिल्यांदा प्लग काढले. आवणीचे, भात लावायचे दिवस होते, आम्ही सगळ्या शेतात चिखलात वाकलेल्या. संध्याकाळी पाय धुऊन घरात शिरले तर माझी फोडणीची वाटी दिसेना. ती खळ्यात सापडली. हे गोणपाटावर मांडी घालून बसलेले, वाटीत रॉकेल आणि रॉकेलात प्लग.

"बघ," म्हणाले, "काळेकुट्ट झालेत. ह्येच कारन. आता बघ कशी उभी र्‍हाते."

प्लग घासून, पुसून, परत बसवले. गाडी चालू केली, पाय काढला. हे खाली उतरून माझ्याशेजारी उभे राहिले. ती उभी राहिली. थरथरली, पण राहिली. "आता झाली," हे म्हणाले. आणि तेवढ्यात उचकी लागली.

त्या दिवसापासून "आता झाली" हे शब्द आमच्या घरात इतक्या वेळा बोलले गेले की सासूबाई ते ऐकलं की न बोलता आत जायच्या. त्यांच्या चहाला रॉकेलचा वास यायला लागला होता. "तुझ्या गाडीचं तोंड मी बघनार न्हाय," त्या ह्यांना म्हणायच्या, आणि तरी सकाळी पहिलं पाणी अंगणात शिंपडताना चार थेंब तिच्या चाकावर टाकायच्याच.

प्लग झाले, मग पॉइंट झाले. मग वायरी बदलल्या. दर वेळी काहीतरी खराब सापडायचंच. जुन्या गाडीत शोधलं तर काय सापडणार नाही? हेच तर वैताग आणणारं होतं. सापडायचं, बदलायचं, दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा काचा वाजायच्या.

भिवंडीला करीम उस्तादांचं गॅरेज होतं. गल्लीत दोन्हीकडे लूमचे कारखाने, त्यांच्या मधे ही एक पत्र्याची शेड. मी एकदोनदा ह्यांच्याबरोबर गेले. त्या गल्लीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. खटक-खटक, खटक-खटक, शंभर लूम एका तालात, पायाखालची जमीनसुद्धा त्याच तालात. हवेत कापसाची पिंजर उडायची, डोळ्यांच्या पापण्यांवर बसायची. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमधून शिजलेल्या खळीचा आंबूस वास यायचा. आणि त्या सगळ्यात आमची गाडी तेवढी लंगडत कण्हत असायची. मला तिची लाज वाटायची.

उस्ताद उंच, किडकिडीत, दाढीला मेंदी लावलेले. बॉनेटमधे डोकं घालून कान लावायचे आणि वैतागून बाहेर यायचे.

"बाळाराम, इधर लूम के शोर में क्या सुनाई देगा? जुम्मे को ला."

शुक्रवारी लूम बंद असायचे. गल्ली अशी शांत व्हायची की चहावाल्याची कपबशी वाजलेली ऐकू यावी. त्या शांततेत उस्तादांनी पेट्रोलात हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडला. त्यातले बारीक पितळी जेट काढून तोंडानं फुंकले, पेट्रोलची चूळ बाजूला थुंकले. जेटमधून आकाशाकडे बघितलं, मलाही बघायला दिलं. सुईच्या नेढ्याएवढा उजेड.

"कचरा था," म्हणाले. "साफ किया. और ये देख, कस के बिठाया है. अब हिलेगी नहीं."

पान्यावर सगळं वजन टाकून त्यांनी नट आवळले. परत येताना नदीनाक्यावर गाडी थांबली आणि थांबलेली राहिली. हे माझ्याकडे बघून हसले. लग्नानंतर इतकं मोकळं हसलेले मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा काचा वाजायला लागल्या. मग पुढचा जुम्मा, पुन्हा कार्बोरेटर, पुन्हा कचरा, पुन्हा आवळणं. घरीही हे स्वतः उघडायचे, स्वतः आवळायचे. किती वेळा, त्याची गणती नव्हती.

माझं माहेर कशेळीचं, खाडीकाठचं. त्या वर्षी गौरीला हे मला गाडीतून माहेरी घेऊन निघाले. मी नवी हिरवी साडी नेसलेली, मांडीवर नारळ आणि तेरड्याची जुडी. पुलाशी दोन्हीकडून ट्रक आले, आम्हाला थांबावं लागलं. ह्यांनी टाच-चवडा केला, पण घसरला पाय. गाडी पुलाच्या तोंडावर बंद. मागे भोंगे. ट्रकवाले खिडकीतून डोकं काढून शिव्या देताहेत. ओहोटी लागलेली, खाडीतला चिखल उघडा पडलेला, त्याचा तो खारट कुजका वास. मी तेरडा सीटवर ठेवला, पदर खोचला आणि मागून ढकलायला लागले. पलीकडे माझा भाऊ न्यायला उभा होता. तो धावत आला आणि हसत हसत म्हणाला, "दाजी, गाडीनं बहिणीला आणता का बहिणीनं गाडीला?"

माझा भाऊ मनानं चांगला. पण त्या दिवशी ह्यांनी माझ्या माहेरी पाण्याचा थेंब घेतला नाही. परतताना मी म्हणाले, "विकून टाका हो ती. ट्रकवर होतात ते बरं होतं."

ह्यांनी गाडी पुलावरून पार केली. मग म्हणाले, "घरातलं मानूस आजारी पडलं तर इकतीस का?"

"माणूस सांगतं तरी कुठं दुखतं ते," मी म्हणाले.

त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

थंडीत तर त्यांनी इंजिनाचं डोकंच उतरवलं. ओटीवर एका बाजूला मी वालाच्या शेंगा सोलत बसायची, दुसऱ्या बाजूला हे व्हॉल्व्ह घासत बसायचे. घस्स-घस्स असा तो आवाज दुपारभर. शेंगांचा हिरवा वास आणि जळक्या ऑइलचा काळा वास. मला सगळ्या भागांची नावं पाठ झाली होती. शेजारणी पोरांच्या खोकल्याबद्दल बोलायच्या, मी इंजिनातल्या टॅपेटच्या आवाजाबद्दल बोलायची. हे जेवताना मधेच घास थांबवायचे. मला कळायचं, आता मनात कुठला तरी नट सैल करताहेत. ताटातली आमटी गार व्हायची. मी काही बोलले तर "हं" म्हणायचे. त्या "हं"चा मला इतका राग यायचा की कधीकधी मी मुद्दाम भांडी आपटायची.

"आजी, एवढी गप्प का?" ओंकारनं विचारलं. आम्ही भिवंडी मागे टाकून वाड्याच्या रस्त्याला लागलो होतो. नदीवर आता रुंद पूल आहे. गाड्या दोन्हीकडून न थांबता जातात. मी खिडकीतून खाली बघितलं. पाणी थोडं होतं, काळं. जुना पूल इथं, की थोडा वरच्या अंगाला? मला ओळखता आलं नाही.

"काही नाही रे," मी म्हणाले. "चालव तू."

त्या उन्हाळ्यात मोहाची फुलं पडून गेली होती आणि जंगलाच्या बाजूनं दिवसभर गरम वारा यायचा. लहानू वारली आमच्याकडे आवणीला, कापणीला यायचा. त्याची बायको सोमी. माझ्याच वयाची असेल. हात मोठे चपळ होते तिचे. मी एक पेंढी बांधीपर्यंत ती तीन बांधून माझ्याकडे बघून हसायची. ती पोटुशी आहे हे मला माहीत होतं. दुपारी जेवणं आटोपत होती तेव्हा चौघेजण डोली घेऊन खळ्यात आले. लहानूचा चेहरा राखेसारखा झालेला.

"दादा, रातीपास्नं अडलीय. सुईन म्हनते तिच्या हातचं न्हाय आता."

ह्यांनी हात धुतला नाही, तसेच उठले. सोमीला मागच्या सीटवर घातलं, तिचं डोकं मी माझ्या मांडीवर घेतलं. लहानू पुढे बसला. गाडी पहिल्याच हँडलला चालू झाली आणि अशी धावली की मला वाटलं, हिलाही कळलंय. सोमी ओरडत नव्हती. माझं मनगट तिनं धरलं होतं आणि कळ आली की तेवढं आवळायची. तिच्या केसांना धुराचा आणि मोहाच्या तेलाचा वास येत होता.

नदीच्या त्या जुन्या अरुंद पुलावर समोरून गवताची बैलगाडी मधोमध आली. ह्यांना कचकन ब्रेक मारावा लागला. काचा वाजल्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, नको, नको, आज नको. उचकी लागली.

ह्यांनी हँडल घातलं. फिरवलं. परत फिरवलं. इंजिन तापलेलं, पेट्रोल नको तितकं चढलेलं, सगळीकडे तोच वास. लहानू खाली उतरून मागून ढकलायला लागला, गाडीवानही आला. गाडी हलली, खोकली, थांबली. हे हँडल मारत होते आणि प्रत्येक फेऱ्याला त्यांच्या तोंडून एक आवाज निघत होता, शिवी नव्हे, शब्द नव्हे. माझ्या मनगटावरची पकड सैल होत गेली. सोमीनं डोळे उघडून मला विचारलं, "आलं का भिवंडी?"

किती वेळ गेला ते मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं. मागून तागे भरलेला टेम्पो आला. लहानूनं आणि गाडीवानानं तिला उचलून ताग्यांवर ठेवलं, मी वर चढले. हे पुलावरच राहिले. टेम्पो निघाला तेव्हा मी वळून पाहिलं. हँडल हातात धरून ते उभे होते आणि आमच्याकडे न बघता गाडीकडे बघत होते.

सोमी वाचली. मूल नाही. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "पोटातच गेलेलं होतं. सकाळपासूनच असावं. तुम्ही लवकर आणलं असतं तरी..." बाकीचं वाक्य त्यांनी हातानं पुरं केलं.

बाहेर व्हरांड्यात हे आले होते. गाडी थंड झाल्यावर पहिल्याच हँडलला चालू झाली म्हणाले. पहिल्याच. जणू काही झालंच नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"सकाळपास्नं म्हंजे कवापास्नं?" ह्यांनी विचारलं.

"सकाळपासून म्हणजे सकाळपासून. आपण निघायच्या आधी."

"त्यांना काय ठाव?" ते म्हणाले. आणि पुन्हा तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

मोटार आंब्याखाली उभी राहिली. तिच्यावर पानं पडली, कोंबड्या तिच्या खाली जाऊन बसायच्या. कुणी बोलवायला आलं की हे सांगायचे, गाडी बिघडलीय. आठवड्यानं आम्ही दोघं सोमीला बघायला पाड्यावर गेलो. ती कुडाला टेकून बसली होती, पोट बांधलेलं, डोळे मोठे झालेले. मी नेलेले तांदूळ आणि गूळ बाजूला ठेवले. हे दारात उभे, आत येईनात. तीच मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "दादा, तुजी गाडी झाली का बरी?"

सरळ मनानं विचारलं होतं तिनं. आपण आजारी, गाडी आजारी, विचारायला नको? ह्यांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, मला कळलं नाही. पायवाटेनं परत येताना ते माझ्या पुढे चालत होते. एकदम थांबले आणि वळून न बघता म्हणाले, "इकतो."

दापोड्याचा एक माणूस तयार झाला. त्याला माल वाहणाऱ्यांकडे जाण्यायेण्यासाठी गाडी हवी होती. गाडीत काय दोष आहे ते ह्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, माझ्या ओळखीचे मोठे मेस्त्री आहेत. शब्द दिला घेतला गेला. बुधवारी सकाळी येतो म्हणाला.

बुधवारी मी तिला धुवायला काढली. का ते सांगता येत नाही. घरातून जाणाऱ्याला न्हाऊ घालून पाठवावं, तसं काहीतरी. ह्यांनी ती चालू करून, हातानं ओढायचा अ‍ॅक्सिलरेटर थोडा ओढून ठेवला होता, म्हणजे बंद पडायला नको. बॉनेट उघडं. ते ओटीवर दाढी करत होते. गाडी थडथडत होती आणि मी ओल्या फडक्यानं इंजिनावरचं तेलकट पुसत होते. चालू इंजिनाच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. ह्यांनी जाऊच दिलं नव्हतं. पुसता पुसता कार्बोरेटरच्या बुडाशी माझा हात अडकला, फडकं सुटलं आणि तिथंच बसलं.

थरथर थांबली.

मी आधी घाबरले, वाटलं बंद पडली. पण नाही. इंजिन चालू होतं, नुसतं चालू नाही, वर चढत होतं, गोल, भरीव आवाजात. काचा गप्प. मी फडकं उचललं. थडथड. परत ठेवलं. शांत.

"अहो," मी ओरडले. "अहो, इकडे या!"

अर्ध्या गालाला साबण तसाच, हे धावत आले. "काय केलंस?"

"काही नाही. हे बघा." मी फडकं ठेवलं, उचललं, ठेवलं.

त्यांनी मला बाजूला केलं. फडकं काढून तिथं बोट फिरवलं. मग कान जवळ नेला. मीही नेला. इंजिनाच्या धडधडीखाली बारीक, दातांतून श्वास घ्यावा तसा आवाज, स्स्स.

"हवा खाते," ते म्हणाले. "हितनं हवा खाते. उभी असली की पेट्रोल पुरत न्हाय." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

गाडी बंद करून त्यांनी कार्बोरेटर उतरवला. त्याच्या बुडाशी, जिथं तो इंजिनावर बसतो, तिथं एक जाड कागदाचं पॅकिंग असतं. ते एका कोपऱ्यात फाटलं होतं. आणि कार्बोरेटरच्या बुडाच्या धातूच्या ओठाला बाक आला होता. दोन्ही कडांनी दर वेळी जोर लावून आवळून आवळून तो मधे उचलला गेला होता. पहिली फट किती होती देव जाणे. नंतरची सगळी आम्हीच वाढवली होती, मन लावून, घाम गाळून, प्रत्येक "आता झाली"ला थोडी थोडी.

पुढे कधीतरी करीम उस्तादांना हे समजलं तेव्हा ते बाकड्यावर बसले. बराच वेळ दाढी कुरवाळत राहिले आणि म्हणाले, "हर बार मैं ही तो कसता था." मग चहा मागवला. तो कुणीच प्यायला नाही.

त्या सकाळी मात्र हे लगेच कामाला लागले. दाढी करायचा आरसा खळ्यात उताणा ठेवला, त्यावर पॉलिश पेपर पसरला आणि तो वाकडा ओठ घासून सपाट केला. माझ्या लग्नातल्या शालूच्या खोक्याचं झाकण मागितलं, त्यातून नवं पॅकिंग कापलं. ग्रीस लावून बसवलं. नट आवळले, पण या वेळी दोन बोटांनी, हलकेच, एकदा इकडचा, एकदा तिकडचा. हँडल मारलं. हातानं ओढायचा अ‍ॅक्सिलरेटर आत ढकलला. पाय काढला.

गाडी उभी राहिली. सासूबाई दारात आल्या. आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो. ती आंब्याखाली संथ घुमत होती, आत काहीतरी शिजत असावं तशी. मला आनंद झाला का? झाला असेल. पण आधी संताप आला. कुणावर ते कळेना. एवढंसं? मग आधी का नाही? मी फडकं आधी का नाही ठेवलं तिथं, देवानं का नाही ठेवायला लावलं?

"त्याला नाही म्हणून सांगा," मी ह्यांना म्हणाले. "बरी झाली आता. कशाला द्यायची?"

"शब्द दिलाय."

"शब्द बिघडलेल्या गाडीचा दिला होता."

त्यांनी अर्ध्या गालावरचा वाळलेला साबण पुसला. "गाडी झाली बरी," ते म्हणाले. "पन तिच्यातल्या मागं बघायच्या आरशात मागली सीट दिसते, ती मला आता बघवत न्हाय."

ओंकारनं लग्नाच्या मांडवाशी गाडी लावली. मला हात देऊन उतरवलं. अंबाडीचा नाका ओळखू न येण्यासारखा झालाय, दुकानांच्या पाट्यांवर पाट्या, मधे रिक्षांचा घोळका. "आजी, तुझी ती गाडी, आजोबांची, ती मग विकली का?" त्यानं विचारलं. वाटेत मी बहुधा काहीतरी मोठ्यानं बोलले असेन. "विकली," मी सांगितलं. तो आत गेला. मी थोडी बाहेरच उभी राहिले.

त्या बुधवारी दापोड्याचा माणूस आला, गाडी बघून खूश झाला. "आता बरी हाय, उभी असली तरी स्लोला धरते," ह्यांनी त्याला सांगितलं. त्याला ते विकणाऱ्याचं बोलणं वाटलं असावं, तो नुसताच हसला. गाडी खळ्यातून बाहेर पडली. हे तिच्या मागोमाग नाक्यापर्यंत चालत गेले, आणि त्यांच्या मागे मी. नाक्यावर वज्रेश्वरीच्या बाजूनं एस.टी. वळत होती, म्हणून गाडी थांबली. ह्यांचा उजवा पाय जमिनीवर चवड्यावर उचलला गेलेला मी पाहिला. एस.टी. वळली, माणसं उतरली, एक बाई टोपलीसकट अडकली, कंडक्टर ओरडला. गाडी तोवर उभी होती. काचा वाजल्या नाहीत. मग वाट मोकळी झाली आणि ती भिवंडीच्या दिशेनं निघून गेली.

नाक्यावरच्या वडाखाली लहानू बसला होता, कामाच्या शोधात आलेल्या माणसांमध्ये. तो उठून ह्यांच्याजवळ आला. त्यानंही पाहिलं होतं.

"उभी र्‍हायली," तो म्हणाला.

"व्हय."

"काय झालतं तिला?"

ह्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि ते जुनं, तेलानं काळं झालेलं, कोपऱ्यात फाटलेलं पॅकिंग काढून त्याच्या हातात दिलं. लहानूनं ते उलटून पाहिलं, उजेडाकडे धरलं.

"कागूद हाय ह्यो," तो म्हणाला.

"व्हय. कागूद."

लहानूनं फाटलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग दोन्ही हातांनी परत ह्यांच्या तळव्यावर ठेवलं, जपून, आणखी फाटू नये असं.